झाकण पारखणारे साडू

उभ्या सोलापुरात झाकणाची एवढी काळजी वाहणारा माणूस दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमचे थोरले साडू एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात आहेत. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर तिथे तयार होतात. त्या स्टार्टरच्या पोटात रेडिओलहरींचा गोंधळ माजतो. एका भागाची लहर दुसऱ्या भागात घुसली की मोटर आपल्या मर्जीने चालायला लागते. म्हणून सर्किटच्या एकेका भागावर पत्र्याचं इवलंसं कवर बसवतात. कुठल्या भागाला कुठलं कवर, पत्रा कसला, झाकण निघणारं की कायमचं, हे सगळं साडू ठरवतात. पगार त्यांना कारखान्यातल्या वेळेपुरता मिळतो, पण काम ते चोवीस तास करतात.

मेहुणीने एकदा आम्हा दोघांना पिठाचा डबा आणायला पाठवलं. भांड्यांच्या दुकानात साडूंनी स्वतःचा मोबाईल एका डब्यात टाकला, झाकण दाबून बसवलं आणि मला म्हणाले, "पाव्हणं, लावा की फोन." मी लावला. डबा वाजायला लागला. साडूंनी तो बाजूला सारला आणि दुसरा उघडला. असे बरेच डबे वाजल्यावर दुकानदाराने हात जोडले. "साहेब, तुम्हाला पीठ ठेवायचंय का फोन?" साडूंनी त्याला शांतपणे समजावलं, "बारीक भोकं असली तर चालत्यात वो. पण झाकणाकडंची ही लांब फट लई वाईट. लहर तितनंच सटकती." त्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो आणि मेहुणीने पीठ आठवडाभर पातेल्यात ठेवलं.

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे खिशातला जुना ट्रान्झिस्टर. तो गाण्यांसाठी नाही. काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवायचा आणि ट्रान्झिस्टर कुठल्याही यंत्राजवळ न्यायचा. खरखर वाढली की ते यंत्र गळतंय असं समजायचं. डॉक्टरांनी नाडी बघावी तसे साडू लोकांचे मिक्सर आणि इन्व्हर्टर बघतात. टेंभुर्णीच्या एका लग्नात नवरदेवाच्या फेट्यात लुकलुकणारे दिवे होते. अक्षता पडल्या न पडल्या, तोच साडूंनी त्या फेट्याला ट्रान्झिस्टर लावला आणि भर मांडवात निकाल दिला, "लई खरखर हाय, स्वस्तातला माल!" नवरीच्या मामांची समजूत काढता काढता माझी जिलेबी राहून गेली.

या माणसाच्या वेडाचा खरा कस लागला तो आमच्या सासूबाईंपायी. त्या आमच्याकडेच राहतात आणि कानात मशीन घालतात. सासरे गेल्यापासून त्यांचा जीव एकाच गोष्टीत रमायचा, संध्याकाळी बार्शीच्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलण्यात. पण मोबाईल कानाशी नेला की मशीनमध्ये भुंगा सुरू व्हायचा. आधी त्या नुसतं हं हं करायच्या. पुढेपुढे मावशीचा फोन आला की माझ्या बायकोच्या हातात द्यायच्या. "तूच बोल. मला काय कळतंय त्यातलं," म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ते बघून मला फार वाईट वाटायचं, पण उपाय काही सुचत नव्हता. साडूंनी मात्र ते एकदाच पाहिलं. "मामी, भुंगा मी मारतो," म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी सिमकार्डावर चालणारा टेबलावरचा फोन घेऊन आले.

मग कवर निवडायचा सोहळा सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर पत्र्याचे तुकडे मांडले गेले. ॲल्युमिनियम हलकं, पण सोल्डर धरत नाही म्हणून ते गेलं. तांबं चांगलं, पण त्याची नुसती पट्टीच हाती होती. शेवटी कथलाचा मुलामा दिलेला पत्रा ठरला, वर निघणारं झाकण. एवढ्यावर साडूंचं समाधान होईना, म्हणून त्यांनी फोनच्या पेटीला आतून सगळीकडे तांब्याची पट्टीही डकवली. ट्रान्झिस्टर लावला. खरखर औषधालाही नव्हती. साडूंनी आनंदाने घरभर पेढे वाटले, सासूबाईंच्या मोबाईलचं सिम त्या फोनमध्ये घातलं आणि तो त्यांच्या उशाशी ठेवला.

दोन दिवस फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी दारात रिक्षा थांबली आणि कडक भाकरीची पिशवी छातीशी धरून बार्शीची मावशी धापा टाकत आत आली. "आक्का हाय का? बरी हाय न्हवं?" तिला एवढा एकच नंबर पाठ होता आणि तो सारखा संपर्क क्षेत्राच्या बाहेर! घाबरून तिने मिळेल ती एसटी धरली होती. साडूंनी फोन उघडला आणि कपाळावर हात मारला. "अँटेनाच कोंडली की वो मी!"

मग त्यांनी पट्टी सोलून काढली, अँटेना बाहेर घेतली, कवर आवाजाच्या सर्किटापुरतं ठेवलं आणि रिसिव्हरच्या वायरीत लहर अडवणारा काळा मणी ओवला. भुंगा गेला. बहिणी रोज बोलू लागल्या. पण महिन्याभराने सासूबाई साडूंना हळूच म्हणाल्या, "जावईबापू, फोन झ्याक झालाय. पण ती आता येत न्हाई की. म्हणती, रोज बोलतोयच. पुन्यांदा कोंडता येतंय का तेवढं?"

"मामी, चांगलं यंत्र मुद्दाम बिघडवायचं न्हाई जमत मला," साडू एवढंच म्हणाले आणि रविवारी स्वतः गाडी काढून बार्शीला गेले. तेव्हापासून महिन्याकाठी एक रविवार ते मावशीला आणतात.

परवा मीही घरी होतो. दोघी बहिणी ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मावशीचं मोडनिंबच्या सुनेवरचं पुराण रंगात आलं होतं. सासूबाईंनी कानातलं मशीन काढून साडूंच्या हातात दिलं. "घ्या, टोचतंय," म्हणाल्या आणि पुन्हा बहिणीकडे वळल्या. मावशी सांगतच होती, सासूबाई मान डोलवत होत्या, आणि मावशीच्या आधीच हसत होत्या.

"साडू, मशीन द्या की परत त्यांना," मी म्हणालो. "काही ऐकू येत नसेल."

साडूंनी मशीन रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

"राहू द्या, पाव्हणं. बोलणं चाललंय त्यांचं."