म्हणे, मला सवय आहे

पाच पुरुष गोल टेबलाभोवती बसले होते आणि मी उभी राहून त्यांना वाढत होते. मुंबईत. पहिल्या मजल्यावरच्या चिनी हॉटेलात, भर दुपारी, सगळं हॉटेल माणसांनी गच्च भरलेलं असताना. माझ्या हातात बांबूची गोल टोपली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. आत पातळ पांढऱ्या पारीत झिंगे भरून उकडलेले गोळे होते. नागपंचमीला आपण दिंड वाफवतो ना, लांबून तसेच दिसायचे. मी एकेकाच्या ताटलीत दोन-दोन ठेवत होते. पलीकडच्या टेबलावरच्या बाया खाणं थांबवून माझ्याकडे बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

एक म्हातारा चिनी वाढपी लगबगीनं आला. त्यानं टोपलीची दुसरी बाजू धरली आणि हळूच म्हणाला, "बाई, तुम बैठो. ये हमारा काम है."

मी बसणारच होते. तेवढ्यात त्या पाचांतले म्होरके आबासाहेब खुर्चीत मागे रेलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रहने दो, रहने दो. उसको आदत है."

पाचही जण हसले. पलीकडच्या बायाही हसल्या. आणि मीही हसले. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर माझ्या त्या हसण्याची.

मी देऊळघाटची. आमचं थोडं वावर आहे, विहीर आहे, विहिरीवर भाजीपाला होतो. वांगी, मेथी, भेंडी, कोथिंबीर. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. नवरा वावरातलं बघतो, बाजार मी करते. बाजारात आम्हा भाजीवाल्या बायांची जागा म्हणजे गटाराची कड. पाटी मांडायची ती चिखलात, नाहीतर धुळीत. व्यापाऱ्याची गाडी आली की पाटी उचलायची, गाडी गेली की पुन्हा मांडायची. मेथीच्या जुड्या कितीदा चाकाखाली गेल्या त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मग बाजारात सिमेंटचे नवे ओटे बांधले. वर पत्रे टाकले. पिकवणाऱ्यांसाठी ओटे, असं भाषणात सांगितलं. बांधून वर्ष झालं तरी ओटे रिकामे. त्यांच्यावर बकऱ्या बसायच्या आणि आम्ही खाली.

आबासाहेब आमच्या भाजीपाला उत्पादक संस्थेचे अध्यक्ष. त्यांची जमीन कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे पायी चालणाऱ्याला एका दिवसात कळत नाही. त्यांनी आयुष्यात एक वांगं पिकवलं नाही, पण संस्था त्यांची. ओटे वाटपाचा कागद मुंबईला सचिवालयात अडकला होता. तिथल्या साहेबानं कळवलं होतं की नुसते पुढारी नकोत, पिकवणारी माणसं आणा, त्यांत एखादी बाई असू द्या. म्हणून मी. चौथीपर्यंत शिकलेली, सही येते, आणि बाजारात तोंडाची खमकी म्हणून ओळखलेली.

जायच्या आदल्या दिवशी बाजारातल्या बाया माझ्या घरी आल्या. अंगणात बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं काय सांगायचं. एक म्हणाली, "गटाराचं सांग." दुसरी म्हणाली, "पावसात पाटी डोक्यावर धरून उभं राहा लागते, थे सांग." मी चार वाक्यं तोंडपाठ केली. मलकापूरला मुंबईच्या गाडीत बसल्यावरही मी ती मनात म्हणत होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. गाडीत आबासाहेब संस्थेच्या सोबतच्या चौघांना सांगत होते, "आता आपलं राज्य हाय. मराठी मानसाचं राज्य. आता कोनापुढं मान खाली घालाची गरज नाही." मला ते फार आवडलं होतं. खोटं कशाला सांगू, मी त्यावर मान डोलावली होती.

साहेबाची वेळ दुपारी चारची होती. आबासाहेबांना कोण्या कापसाच्या व्यापाऱ्यानं मागं एकदा त्या चिनी हॉटेलात नेलं होतं. "मुंबईले आलो तं चिनी खाऊनच जाऊ," म्हणाले. जिना चढून वर गेलो तर ही गर्दी. बसलेल्यांच्या खुर्च्यांमागे लोक उभे. एकानं शेवटचा घास घेतला की दुसरा तिथं बसायला टपलेला. दाराशी काचेच्या पेटीत पाणी, पाण्यात जिवंत मासे आणि खेकडे. वाढपी हातावर टोपल्यांची उतरंड घेऊन टेबलांमधून फिरत होते. हवी ती टोपली हातानं दाखवायची, की ती टेबलावर आली.

आमच्या टेबलावर टोपली आली. पाच ताटल्या रिकाम्या होत्या. सहावी माझी.

आता आमच्याकडची रीत सांगते. लग्न असो, तेरवी असो, घरी साधा पाहुणा आलेला असो, आधी पुरुषांची पंगत. बाया वाढतात. पुरुषांनी हात धुतले की मग बाया उरलंसुरलं घेऊन बसतात. पुरुषाचं ताट रिकामं आणि आपण घास घेतला, असं मी जन्मात केलं नव्हतं. टोपली आली आणि माझे हात आपोआप पुढे गेले. मला उठ असं कोणी म्हटलं नाही. मीच उठले. ही चूक माझी, ती मी लपवत नाही.

पण त्या पाचांना माहीत होतं की तिथं वाढायला कोणी लागत नाही. टेबलाच्या मधोमध एक मोठी लाकडी चकती होती. बोटानं ढकलली की फिरायची. टोपली तिच्यावर ठेवायची, आपल्यापुढे आली की आपलं आपण घ्यायचं. आबासाहेब इथं आधी जेवून गेले होते. त्यांनी सांगितलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. नाही सांगितलं. माझं वाढणं त्यांना गमतीचं वाटत होतं. दुसरी टोपली आली, तिसरी आली. मी वाढतच राहिले. म्हातारा वाढपी दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेला. नंतर आला नाही.

शेवटी मोठी परात आली. तिच्यात अख्खा मासा, डोक्यासकट. तेव्हा मी बसले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. चकती कशी फिरते ते एव्हाना मला कळलं होतं. मी हात पुढे केला. आबासाहेबांनी बोटानं चकती ढकलली. मासा पलीकडे गेला. मला वाटलं, चुकून. पुन्हा फिरून माझ्यापुढे आला, मी हात नेला, त्यांनी पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा तर मी हात उचलला नाही तोच ढकलली. चौघं टेबलावर हात आपटून हसत होते. संस्थेचा सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाला, "घे ना बाई, काऊन लाजून राह्यली?"

मी हात मांडीवर ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाजारात एका जुडीसाठी गिऱ्हाइकाशी तासभर भांडणारी मी. तिथं मूग गिळून बसले.

मागं उभे असलेले लोक खुर्च्या हलवायला लागले. आबासाहेब उठले, सगळे उठले. मी एक गिलास पाणी प्याले आणि उठले.

जिना उतरताना आबासाहेब म्हणाले, "साहेबापुढं तू काही बोलू नको. तुले खाता येत नाही चार मानसात, बोलता काय येईन? बाहेर बाकावर बस. सहीपुरतं बोलावतो."

तेव्हा मला कळलं की ती नुसती थट्टा नव्हती. माझी चार वाक्यं त्यांनी त्या चकतीवरून पलीकडे ढकलली होती. हॉटेलात ज्या बाईला आपण हसलो, तिला कचेरीत गप्प बसवणं सोपं जातं. आधी हसं करायचं, मग म्हणायचं, ही काय बोलणार. गावातही हेच चालतं. मी कितीतरी बायांचं असं झालेलं पाहिलं होतं आणि त्यांच्यावर हसलेही होते.

सचिवालयाच्या लांबच लांब वऱ्हांड्यात मी बाकावर बसले. पोटात कावळे ओरडत होते. भूक होती आणि राग होता, आणि राग आबासाहेबांपेक्षा माझा मलाच जास्त आला होता. "उसको आदत है." माणूस खोटं बोलला असता तर सोडून दिलं असतं. तो खरं बोलला होता. मला सवय होती. वाढायची सवय, मागून जेवायची सवय, हसणाऱ्यासोबत हसायची सवय. बाजारात गाडी आली की पाटी उचलायची तीही सवयच. मग ओटे रिकामे राहिले तर नवल काय? आम्ही खाली बसणाऱ्या आहोत हे सगळ्यांना माहीत होतं. आम्हालाही.

सेक्रेटरी आतून कागद घेऊन आला. शाईचा पेन पुढे केला. "इथं सही कर. लवकर."

मी कागद हातात घेतला. तो म्हणाला, "वाचत कायले बसली? टाइम नाही." मी वाचत राहिले. मला भराभर वाचता येत नाही. अक्षराला अक्षर लावून वाचते. त्यात लिहिलं होतं की नवीन ओटे कोणाला द्यायचे ते संस्थेचे अध्यक्ष ठरवतील, आणि आम्हा उत्पादक महिलांची त्याला काहीही हरकत नाही. गटाराचा शब्द नाही. पावसाचा नाही. अध्यक्षांचे दोन पुतणे बाजारात अडत्याचं काम करतात. ओटे कोणाला जाणार ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "मी सही करत नाही."

सेक्रेटरी आत गेला. आबासाहेब बाहेर आले. तोंड लाल. दबक्या आवाजात म्हणाले, "काय तमाशा लावला? एवढ्या दुरून आनलं तुले. खाऊ-पिऊ घातलं."

"तुमी मले खाऊ घातलं नाही, आबासाहेब. म्या तुमाले खाऊ घातलं. पाचही जनाले."

माझा आवाज चढला होता. वऱ्हांड्यातली माणसं वळून पाहायला लागली. ते काही बोलायच्या आत मी दार ढकललं आणि आत गेले. साहेब चष्मा लावून बसले होते. तोंडपाठ केलेली चार वाक्यं मला त्या वेळी एकही आठवली नाही. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, ह्याच्यावर आमची सही नाही. हरकत हाय आमची. बाया गटारापाशी बसतात आन ओट्यावर बकऱ्या बसतात. आमाले विचारून हे लिहिलेलं नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं आणि कागद बाजूला सरकवला. "तुम्ही आपसांत ठरवून या," म्हणाले. एवढंच. पुढच्या माणसाला बोलावलं.

याच्यापुढे सगळं गोड झालं असं कोणाला वाटेल. नाही झालं. ओटे अजून रिकामे आहेत. गावात आबासाहेबांनी सांगितलं की एका बाईच्या हट्टापायी काम अडलं. चिनी हॉटेलची गोष्ट ते लग्नात सांगतात, सप्त्यात सांगतात. त्यांच्या गोष्टीत मी मासा पाहून पळाले आणि जिन्यावरून पडले. लोक पोट धरून हसतात. ज्या बायांनी मला गटाराचं सांग म्हटलं होतं, त्यांतल्याच दोघी म्हणाल्या, "सही केली असती तं दोन-चार ओटे तं भेटले असते आपल्याले." नवरा आठ दिवस धड बोलला नाही. मग म्हणाला, "मोठ्या मानसाशी वैर घेऊन आपलं कसं चालन?" मला त्याचाही राग येतो आणि त्याच्या भीतीची कीवही येते. त्याचंही बरोबर आहे. विहीर आटली की आमच्या वावराला पाण्याची पाळी आबासाहेबांच्या पाटावरून मिळते.

परवा आबासाहेब स्वतः आमच्या घरी आले. हातात तोच कागद, नव्यानं टाइप केलेला. नवऱ्यानं धावत जाऊन बाज टाकली, तिच्यावर सतरंजी अंथरली. मला म्हणाला, "चहा ठेव." मी भाजीच्या जुड्या बांधत होते, बांधत राहिले. नवऱ्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच चुलीपाशी गेला. आबासाहेबांनी ते पाहिलं. या वेळी ते हसले नाहीत.

म्हणाले, "झालं गेलं सोड. सही कर. तुले पयला ओटा देतो."

म्हणजे माझा एक ओटा आणि बाकी सगळ्या बायांचं गटार. हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. पूर्वीची मी असते तर कदाचित भुललेही असते. पहिला ओटा, दाराजवळचा, गिऱ्हाईक आधी तिथंच येतं.

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "ओटा तुमचा नाही तं तुमी मले देता कसा? पुढच्या बाजारी मी ओट्यावर पाटी मांडणार हाय. कोणी सोबत आलं तं सोबत, नाही तं एकटी. गाडी येवो, पोलीस येवो, तुमचे पुतणे येवो. मी पाटी उचलणार नाही."

ते कागद घेऊन उठले. चहा तसाच राहिला.

बाजार आता दोन दिवसांवर आहे. तीन जणी येतो म्हणाल्या आहेत. त्यांतली एक घाबरून घरी राहील, हे मला आत्ताच दिसतं आहे. पाण्याची पाळी तोडतील तर तोडोत, वावर कोरडं पडलं तर मी दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपणीला जाईन. पण गटाराच्या कडेला मी आता बसणार नाही. उठवायचं असेल तर आबासाहेबांनी दुसऱ्या कोणाला पाठवू नये. स्वतः यावं, सगळ्या बाजारासमोर माझ्या पाटीला हात लावावा, आणि मग काय होतं ते पाहावं.