धाकटीची बकरी, माझं टेबल

आमच्या असोद्याच्या घरात माझ्या लहानपणचा एकही फोटो नाही. वडील केळीचे घड डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. फोटो काढणं हे खात्यापित्या घरांचं काम. माझा पहिला फोटो निघाला तो कॉलेजच्या प्रवेशासाठी, जळगावात, शेजारणीचा ड्रेस घालून. पदवीदानाला काळा झगा मिळाला, पण फोटोवाल्याला द्यायला पैसे नव्हते. त्यामुळे झगा घातलेली मी घरच्या कुणी पाहिलीच नाही. घराण्यातली पहिली पदवीधर, आणि दाखवायला काही नाही.

पुढे धुळ्याला सरकारी कार्यालयात लागले. टेबल मिळालं, गादीची खुर्ची मिळाली. शिपायाकडून टेबलामागे बसलेला फोटो काढून घेतला आणि आईला फोनवर तसं सांगून व्हॉट्सॲपवर पाठवला. आई त्यावर काहीच बोलली नाही. मी पुन्हा पाठवला, जरा बाजूने काढलेला. तरी काही नाही.

बोलायची ती धाकटीबद्दल. धाकटी बहीण शाळा अर्धी सोडून लग्न होऊन शिंदखेड्याला गेली. नवऱ्याने नवा फोन घेऊन दिला, तेव्हा जुना तिने आईला दिला. त्या फोनवर धाकटीचं सगळं दिसायचं: तिची चूल, तिचं अंगण, तिची बकरी. आईने डेटाची एक रीत पाडली होती. सांजेला देवाजवळ दिवा लावला की मोबाइल डेटा चालू करायचा, ओट्यावर बायकांना फोटो दाखवायचे, आणि बायका उठल्या की बंद. दिवसभर चालू राहिला तर नळासारखा वाहून जातो, असं तिचं म्हणणं.

एका रविवारी सांजेला मी घरी गेले, तेव्हा ओटा भरलेला होता.

"धाकटीच्या बकरीले पिल्लं झाली. पाह्य, दोन्ही पांढरी."

"माझा ऑफिसातला फोटो दाखवला का यांना?"

"तुह्या फोटोत काई दिसतच नाई, माय. धुकं हाये सगळं."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "हापिसात लाईट नसीन."

बायका हसल्या. मीही हसले. मी शिकले, नोकरी केली, आणि ओट्यावर कौतुक बकरीचं. परसात जाऊन धाकटीला फोन लावला.

"रोज आईला फोटो पाठवतेस, बरा वेळ मिळतो तुला."

लग्नानंतर तिची बोली पार तिकडचीच झाली आहे. म्हणाली, "मी ते आईले येक बी फोटो धाडेल नही, अक्का."

"मग बकरीची पिल्लं इथं कशी आली?"

"तुले कसा दिखनात त्या?"

आत येऊन आईचा फोन घेतला आणि सेटिंग उघडलं. जुना फोन देताना धाकटीने आपलं अकाउंट काढलंच नव्हतं, आणि सिंक चालू होतं. ती शिंदखेड्यात फोटो काढायची, तो इथं असोद्यात उघडायचा. माझ्या फोटोंचं उलटं. व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद होतं, म्हणून फोटो अंधूक राहायचा आणि त्यावर खाली जाणारा बाण दिसायचा. तो दाबला तर फोटो कायमचा खाली पडून जाईल, या भीतीने आईने त्याला कधी हात लावला नव्हता. माझे सगळे फोटो तिने असे जपून ठेवले होते, न बघता.

धाकटीला पुन्हा फोन करून सांगितलं. "सासू घोरस तो फोटो बी दिखना का?"

"साऱ्या गल्लीने पाहिला."

"अक्का, आत्तेच काढ मना अकाउंट."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तिने स्वतःच सांगितलं होतं. बोट 'अकाउंट काढा'वर नेलं, तेवढ्यात आई शेजारी येऊन बसली.

"धाकटी जाईन का याच्यातून?"

"जाईल."

"मंग मले कोन दिसंन?"

"मी दिसेन."

आई म्हणाली, "तू त रोज टेबलच धाडशीन."

मी धाकटीचं अकाउंट काढलं, पण आईच्या नावाचं नवं उघडलं. तिघींचा एक शेअर केलेला अल्बम केला. आता धाकटी ठरवून टाकेल तेवढंच दिसेल, सासू घरातल्या घरात राहील. मग व्हॉट्सॲप उघडून आईचंच बोट धरून तो बाण दाबला. धुकं गेलं.

आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी खुर्ची पाहिली, मग मला.

"गोल फिरते का?"

"फिरते."

ती फोन घेऊन ओट्यावर गेली आणि काकूंच्या डोळ्यांपुढे धरला. "पाह्य. लाईट हाये हापिसात."

त्याच सांजेला धाकटीने पिल्लांचा नवा फोटो अल्बममध्ये टाकला. आई तो माझ्या फोटोपेक्षा जास्त वेळ बघत बसली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही, आणि अजूनही सलतं. पण आमच्या घरातून टेबलामागे बसलेली पहिली मी, आणि तिथं बसलेल्या मला आईने पाहिलं आहे.