खांबाची चौथी बाजू

बाळांनो, आपल्या अंधेरीच्या चर्चच्या आवारात महायुद्धात कामी आलेल्यांचं स्मारक आहे. चौकोनी दगडी खांब, वर क्रूस. तीन बाजूंवर गावातल्या पोरांची नावं आहेत, चौथी कोरी. फाटकाशी फुलं विकणारी एक लुगड्यातली बाई दर रविवारी त्या कोऱ्या बाजूलाच हार घालते. परवा कारागीर तिथे देणगीदारांची नावं कोरायला आला, तर ती खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"ही बाजू परत आलेल्यांची रे! माझा आजा आहे हितं."

"मग नाव कुठंय, मावशी?"

"नाव कशाला? तो घरी जेवायला गेला ना!"

कारागिराने हसत छिन्नी पिशवीत टाकली. देणगीदारांची पाटी आता फाटकावर लागली आहे.

तुम्ही सुट्टीत घरी आलात, की त्या बाजूला माझाही एक हार.