डॉक्टर बापट बर्फ बघायला निघतात

आर्क्टिकहून आम्ही ढीगभर फोटो आणले. त्यातल्या निम्म्यांत धुकं आहे आणि उरलेल्यांत सुधीरचा अंगठा. त्यामुळे फोटो बघायला कोणी मागत नाही. पण मिनेसोटात, आमच्या ईडन प्रेरी गावात कुठेही पॉटलक जेवण असलं, की पहिली प्लेट संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, “मीना, तो नलूताईंचा किस्सा सांग ना!” एक सांगितला, की त्याच्या पाठोपाठ दुसरा येतोच. दर वेळी सांगताना थोडं तिखटमीठ जास्त पडतं. इथे मात्र जसं घडलं तसंच सांगते. शक्यतो!

मंडळी आम्ही पाच. मी, माझा नवरा सुधीर, आमच्यात सगळ्यांत मोठ्या असलेल्या नलूताई, आणि बापट नवराबायको. बापट म्हणजे डॉक्टर विनायक बापट, रिटायर्ड हार्ट सर्जन. ग्रुपमध्ये त्यांना सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. त्यांची बायको शैलासुद्धा!

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगायला हवं. रेवा मेडिकल स्कूल अर्ध्यावर सोडून एका छोट्या एक्स्पिडिशन जहाजावर गाइड झाली. रबराच्या बोटी चालवते आणि लोकांना वॉलरस दाखवते. डॉक्टरांना तिला सर्जन करायचं होतं. “रेवा सध्या काय करते?” असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, “ब्रेक घेतलाय तिने.” हा ब्रेक चांगली सहा वर्षं चालला होता!

शेवटी रेवानेच आईला फोन केला. “बाबाला एकदा माझं काम बघू दे. मग काय बोलायचं ते बोलू दे.” एकट्या डॉक्टरांना घेऊन जायची शैलाची हिंमत नव्हती, म्हणून तिने आम्हाला गळ घातली. डॉक्टर तयार झाले, पण बजावून. “मी बर्फ बघायला येतोय. बाकी काही नाही.”

असे आम्ही अलास्कातल्या नोम गावी रेवाच्या जहाजात चढलो. माझा एक डोळा समुद्रावर आणि एक डॉक्टरांवर.

*

पहिला धक्का सुधीरला बसला. त्याने आर्क्टिकसाठी सगळी जय्यत तयारी केली होती. लोकरीचे तीन थर, वरून स्नो काढताना घालायचा जाडजूड कोट, कानटोपी आणि त्यावर आणखी एक कानटोपी. जुलै महिना होता. डेकवर लोक स्वेटरवर फिरत होते.

सुधीरने फोनवर टेंपरेचर बघितलं, कानटोपी काढली आणि खिन्न आवाजात म्हणाला, “मीना, आपल्याकडे मार्चमध्ये याच्यापेक्षा बरी थंडी असते यार!”

*

या जहाजांवर एक पद्धत आहे. किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट घासतात आणि कोटाचे खिसे व्हॅक्युमने साफ करतात. बाहेरचं बी-बियाणं त्या जमिनीवर पडू नये म्हणून. ही ड्यूटी टॉम नावाच्या गाइडकडे होती. उंचापुरा, अतिशय सभ्य मुलगा.

नलूताईंचा खिसा त्याने उलटा केला. आतून निघालं काय? बडीशेप, ओवा, थोडे तीळ, लवंगा आणि साबुदाण्याचे चार दाणे. टॉमने सगळं टेबलावर मांडलं आणि अदबीने विचारलं, “मॅडम, तुमचा इथे शेती करायचा विचार आहे का?”

डॉक्टर मागे उभे होते. “नलूताई, काहीतरी हायजीन असावं माणसाला!” असं म्हणून त्यांनी आपला कोट ऐटीत पुढे केला. टॉमने चिमट्याने त्यांच्या खिशातून एक सुकलेलं पान काढलं, उजेडात धरलं आणि रेवाला हाक मारली. “हे काय आहे? असली वनस्पती मी कधी बघितली नाही.”

रेवाने पान बघितलं. मग वडलांकडे बघितलं.

“कढीपत्ता,” ती म्हणाली. “बाबा, चिवडा केबिनमध्येच खायचा. रूल इज रूल!”

*

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि जहाज असं हलायला लागलं, की जेवणाच्या हॉलमध्ये आमच्यापैकी फक्त सुधीर उरला. त्याने सगळ्यांच्या वाटचं डिझर्ट खाल्लं.

जहाजावर डॉक्टर होती. पण आम्ही मराठी माणसं, आपला डॉक्टर सोडून परक्याकडे कशाला जाऊ? सगळ्यांनी बापटांच्या केबिनकडे मोर्चा वळवला. पाहतो तर डॉक्टरच आडवे! डोळे मिटलेले, चेहरा पांढराफटक. तरीही आमची चाहूल लागताच त्यांनी हात वर केला आणि प्रिस्क्रिप्शन द्यायला सुरुवात केली. “मीना, तू क्षितिजाकडे बघ. नलूताई, पाणी थोडं थोडं. शैला, मला बादली दे.”

तेवढ्यात रेवा खारी बिस्किटं आणि हिरवी सफरचंदं घेऊन आली. म्हणाली, “बाबा, हे खा. क्रू हेच खातो.”

“याला काही सायंटिफिक बेसिस नाही,” डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले.

“ओके,” म्हणून ती सफरचंद उशाशी ठेवून गेली.

अर्ध्या तासाने शैला बाहेर आली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. “रेवा कुठाय गं? डॉक्टर विचारतायत, आणखी एक सफरचंद मिळेल का?”

*

शैलाची संकष्टी असते. चंद्र बघितल्याशिवाय जेवायचं नाही. मिनेसोटात इतकी वर्षं निभावलं. इथे मात्र दिवस मावळायलाच तयार नाही, आणि आकाश म्हणून जे काही होतं ते सगळं धुक्यात.

जहाज लहान. कॅप्टनच्या ब्रिजवर कोणीही जाऊ शकतं. संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी शैला सरळ तिथे गेली आणि म्हणाली, “कॅप्टन, उद्या चंद्र किती वाजता उगवेल?” कॅप्टनला वाटलं, बाई खगोलशास्त्राच्या अभ्यासक आहेत. तो खूश झाला. कॉम्प्युटरवर आकडे बघितले, नकाशा काढला आणि समजावून सांगितलं, की मॅडम, या भागात सध्या चंद्र क्षितिजाला जेमतेम टेकतो, आणि धुकं एवढं आहे की काही दिवस तरी दिसणं कठीणच.

“काही दिवस?” शैला हबकली. “मग मी जेवू कधी?”

मार्ग नलूताईंनी काढला. “अगं, चंद्र काय तुझ्यासाठी वेगळा आहे का? पुण्यात बहिणीला विचार. तिथे उगवला की उगवला.”

दुसऱ्या दिवशी शैला आंघोळ करून उपवासाच्या तयारीने डायनिंग हॉलमध्ये आली. चहाला हात लावायच्या आत बहिणीचा मेसेज आला. “चंद्रोदय झाला. आम्ही पानं घेतली!” आमच्याकडे सकाळचे आठ वाजले होते. पुण्यात रात्र झाली होती.

उपवास सुरू व्हायच्या आतच सुटला. डॉक्टर म्हणाले, “मेडिकल हिस्टरीतला हा सगळ्यांत छोटा उपवास!” शैलाने शांतपणे पॅनकेक वाढून घेतले.

दुपारी डेकवर कॅप्टन भेटला. बिचाऱ्याने काळजीने विचारलं, “मॅडम, चंद्र मिळाला का?”

“हो,” शैला म्हणाली, “पुण्यात!”

*

मग पोलर प्लंज. म्हणजे कमरेला दोर बांधून बर्फाच्या पाण्यात उडी मारायची, वर यायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सुधीरने आठवडाभर जाहीर केलं होतं की तो उडी मारणार. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा त्याला आठवलं, की त्याचा खांदा दुखतोय.

आम्ही खांद्यावर चर्चा करतोय, तोवर मागून आवाज आला, “सरका जरा.” नलूताई! स्विमिंग कॉश्च्यूम वगैरे काही नाही. रोजचा सलवार कमीज आणि ओढणी कमरेला खोचलेली. रेवाने दोर बांधला, पुन्हा एकदा विचारलं, “नलूमावशी, शुअर?” आणि नलूताईंनी नाक दाबून थेट उडीच मारली.

वर आल्या तेव्हा सगळं जहाज ओरडत होतं. जहाजाचा फोटोग्राफर कॅमेरा घेऊन पुढे झाला. “हाऊ डू यू फील?” त्याला काहीतरी थोर वाक्य हवं असणार. नलूताईंनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि आम्हाला म्हणाल्या, “झाली आंघोळ. आता चहा!”

*

अस्वलाचा किस्सा डॉक्टरांसमोर सांगायची बंदी आहे. म्हणून लिहूनच टाकते.

एका सकाळी दूरच्या किनाऱ्यावर पांढुरका ठिपका दिसला. सगळे डेकवर. डॉक्टरांनी दुर्बीण लावली आणि छातीठोकपणे जाहीर केलं, “पोलर बेअर. झोपलाय. रेस्पिरेशन चालू आहे.” एवढ्या मोठ्या सर्जनने सांगितल्यावर शंका कोण घेणार? आम्ही सगळे श्वास रोखून अस्वलाचा श्वास बघत राहिलो. सुधीरलासुद्धा पोट वरखाली होताना दिसलं!

रेवा आली. तिने आपल्या स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतून बघितलं आणि हळूच म्हणाली, “बाबा, इट्स अ रॉक.”

डॉक्टर ताठ झाले. तिच्याकडे न बघता टॉमकडे वळून म्हणाले, “आय वुड लाइक अ सेकंड ओपिनियन.”

टॉमने बघितलं. दगडच होता. सगळे हसले, मीही हसले. पण रेवा दुर्बीण आवरत होती, तिचा चेहरा मला दिसला, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. पोरीचं सहा वर्षांचं काम, आणि बाप मत घेतो ते दुसऱ्याचं.

*

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण आणि एक अमेरिकन जोडपं रेवाच्या बोटीत होतो. तरंगत्या बर्फावर वॉलरसचा कळप होता. तो बघून परत फिरलो आणि कुठून कोण जाणे, धुकं आलं. बघता बघता जहाज गायब. समोर बसलेल्या शैलाचं फक्त लाल लाइफ जॅकेट दिसत होतं.

रेवाने इंजिन बंद केलं. जहाज अशा वेळी भोंगा वाजवतं, तो ऐकून दिशा पक्की करायची असते. भोंगा वाजला. आमचे डॉक्टर उठून उभे राहिले.

“लेफ्ट! रेवा, डावीकडे घे. मी सांगतो ना! इंजिन कशाला बंद केलंस? डावीकडे…”

“बाबा, खाली बस.” तिचा आवाज चढला नव्हता. “आणि आता एक शब्द नाही.”

आयुष्यभर ज्यांच्यासमोर अख्खं ऑपरेशन थिएटर चिडीचूप असायचं, ते डॉक्टर बापट! त्यांच्याशी असं बोललेलं मी कधी कोणाला ऐकलं नव्हतं. सुधीर नंतर म्हणाला, “मी धुक्याला घाबरलोच नाही. मी डॉक्टरांकडे बघत होतो.”

डॉक्टर बसले. भोंगा पुन्हा वाजला. रेवाने मान कलती करून ऐकलं, हातातल्या जीपीएसकडे बघितलं, रेडिओवर दोन वाक्यं बोलली आणि बोट अगदी हळू उजवीकडे वळवली. आडवे येणारे बर्फाचे तुकडे ती वल्ह्याने बाजूला सारत होती. नलूताईंनी माझा हात घट्ट धरला होता. मग एकदम डोक्यावरच जहाजाची निळी भिंत उभी राहिली. अमेरिकन जोडप्याने टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर सरळ जिना चढून गेले. संध्याकाळी जेवायला बसले ते गप्पच. शैलाचे डोळे भरून आले होते. “मीना, एवढी मी दोघांना जवळ आणायला आले, आणि हे असं चारचौघांत झालं. आता हे तिच्याशी बोलायचे नाहीत गं.” मलाही तेच वाटत होतं.

शेवटच्या सकाळी पक्षी घरटी करतात त्या कड्याकडे जायचं होतं. धुकं होतंच, त्यामुळे बरेच लोक यायला कचरत होते. आम्ही खाली बोटींपाशी गेलो, तर डॉक्टर आमच्याही आधी तिथे येऊन उभे! लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळलेले.

रेवा आदल्या फेरीचे लोक उतरवत होती, तिला अजून वेळ होता. टॉमची बोट निघायच्या बेतात होती. त्याने हात केला. “डॉक्टर, माझ्याकडे जागा आहे. या ना, कशाला थांबताय?”

रेवाने वर बघितलं नाही. दोर गुंडाळत राहिली.

“नो, थँक यू,” डॉक्टर म्हणाले, “मी माझा सर्जन मधेच बदलत नाही.”