टोपली टेकायची जागा

“पह्यले घर दाखव. मंग मांजर माग.”

हे वाक्य मला ज्या बाईने ऐकवलं ती मासोळ्या विकायची, आणि मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, नागपूरची होते. मांजर मागून तिच्यावर आपण उपकारच करतो आहोत, अशा थाटात मी तिच्यापुढे उभी राहिले होते. तिने मला पायापासून केसापर्यंत असं न्याहाळलं, की मी जणू तिच्या मुलीला मागणी घालायला आले आहे आणि स्थळ काही तिच्या मनात भरलेलं नाही.

मूल या गावची गोष्ट आहे ही. पन्नास साल नुकतंच मागे पडलं होतं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोलीसुद्धा चांद्यातच मोडायची. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते. आमचं घर दोन खोल्यांचं, एकापुढे एक. पुढे बसायची, मागे स्वयंपाकाची, आणि त्यामागे परसात धान्याचा ढोला, म्हणजे बांबूची कणगी, ठेवायला छपरी. नवरा शाळेत गेला की दिवसभर मी, चूल आणि उंदीर.

ती रोज सकाळी तलावाकडून यायची. गल्लीच्या वळणावर तिचा आवाज आधी पोचायचा, “मासोळीऽऽ, जित्ती मासोळीऽऽ!” आणि मग ती. आमच्या पायरीशेजारी कडुनिंबाची सावली होती. तिथेच ती टोपली टेकवायची. हाताने नव्हे. आधी गुडघा वाकवायची, मग मान एका अंगाला झुकवायची आणि टोपली डोक्यावरून आपोआप उतरल्यासारखी जमिनीवर यायची. एक थेंब सांडायचा नाही. मग टोपलीवरचा पाला बाजूला करून सगळ्यात आधी एक बोटभर मासोळी काढून ती मागे ठेवायची. मागे राखाडी रंगाची, एक कान फाटलेली मांजर बसलेली असे. “पह्यली इची,” ती म्हणायची. “मंग जगाची.” शेजारच्या बायका तपेली घेऊन उभ्या असत, पण मांजरीचं खाऊन होईपर्यंत तराजू उचलला जात नसे.

ती मांजरीलाही बाई म्हणे आणि मलाही. तिने हाक मारली की आम्ही दोघी एकदम वळून पाहायचो.

आता माझा पराक्रम ऐका. आम्ही शाकाहारी. ती उठून गेली रे गेली, की मी नाकाला पदर लावून बादलीभर पाणी त्या जागेवर ओतायची. ती वळणापर्यंतसुद्धा गेलेली नसायची. तिला दिसावं असाच माझा बेत असे, खोटं कशाला सांगू. एक दिवस ती तिथूनच ओरडली, “धू बाई, धू! तुह्या घरचं पानी बी तलावातच येते. मासोळ्या तेच पेतात.”

बायका हसल्या. मी बादली घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतलंच. शहाणपण मला नेहमीच उशिरा भेटत आलं आहे.

तर उंदीर. त्यांनी ढोल्याला भोक पाडलं, यांच्या तपासायच्या वह्या कुरतडल्या, ते सगळं मी सोसलं. पण लग्नातल्या शालूचा पदर त्यांनी जाळीदार केला त्या दिवशी मी पाटावर उभी राहून रडले. पाटावर अशासाठी, की कोणता तरी एक अजून ट्रंकेत होता.

नेमकं त्याच सुमारास कळलं की ती मूल सोडून चालली आहे. तिची लेक भामरागडकडे दिली होती, जिथे नद्या एकत्र येतात तिथे. म्हातारीच्या डोळ्यांना आता जाळ्यातली गाठ दिसेना, म्हणून लेक नेत होती. पावसाळ्यात तिकडची वाट बंद होते, म्हणून त्याआधी पोचायला हवं होतं. पण जावयाकडे शिकारीचे कुत्रे होते, चार. मांजर नेता येणार नव्हती. ती तिच्यासाठी घर शोधत होती. तीन घरं पाहून तिने नाकारली होती. आता मी पुढे झाले, आणि ते वाक्य ऐकलं.

घर दाखवायचं म्हणून मी काय काय केलं, ते आज नातवंडांना सांगायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला सांगते. फाटक्या शालूच्या चांगल्या तुकड्याची मी एक उशी शिवली. तिला झालर लावली. पितळेची वाटी चिंचेने घासून ठेवली. लाल नाडीत घुंगरू ओवलं. मांजर पळून जाऊ नये म्हणून मागच्या दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आणि भिंतीवर खडूने ‘मनी’ असं सुंदर अक्षरात लिहिलं. कोणी वाचावं अशी अपेक्षा होती, देव जाणे.

ती आली. टोपली बाहेर ठेवून पाय धुऊन आत आली. पाय धुतले ते माझ्याकडे बघत बघत. तिने आधी घुंगरू उचललं.

“हे काऊन?”

“तिच्या गळ्यात बांधायला.”

“मी येऊन राह्यली, पया रे बाप्पा, असं उंदरायले सांगत फिरन का थे?”

मग उशी. तिने ती दाबून पाहिली, झालरीवरून अंगठा फिरवला. “मऊ हाये. इच्यावर तू झोप. मांजर ढोल्यावर झोपते.”

मग मागचं दार. चिंध्या पाहिल्या आणि तिचा चेहराच बदलला. वाकून एकेक चिंधी तिने उपसून काढली. “आयक माहं, बाई. मानसाले घर म्हनजे आत याचा दरवाजा. मांजराले घर म्हनजे भायेर जायाची वाट. वाट नसन तं थे तुरुंग हाये.” आणि मला विळा मागून तिने स्वयंपाकघराच्या कुडाला, खाली जमिनीलगत, सरळ भोक पाडायला घेतलं. घर भाड्याचं होतं. मालक काय म्हणेल, असं मी म्हणाले. “त्याले सांग, मांजरानं पाडलं,” ती म्हणाली.

भोकाच्या कडा तिने शेणामातीने लिंपल्या, आत हात घालून कुठे कामटी टोचत नाही ना ते पाहिलं. परसात आडोशाला एका फुटक्या घमेल्यात चुलीतली राख पसरून ठेवली. “हे तिचं परसाकडं.” विहिरीवर झाकण आहे का, दुधाचं शिंकं किती उंच, सगळं विचारलं. शेवटी माझ्यापुढे उभी राहिली. “आन् खानार काय? तुह्या घरचा वरन-भात?”

 या प्रश्नाला माझी मॅट्रिक पुरेना.

“परसात तीन धोंडे मांड. येगळं गाडगं ठेव. सुकट उकडून भातात कालवत जा. जमन?”

मी मान हलवली. आमचे हे पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते डोळ्यांसमोर आणखी थोडं वर धरलं. होकार देण्याची त्यांची तीच पद्धत.

तरी तिने मांजर दिली नाही. “परवा येतो,” एवढंच म्हणाली. आमच्या नागपुराकडेही जुन्या बायका ‘येतो’च म्हणायच्या, मी मात्र ‘येते’ शिकले होते आणि त्याचा मला कोण अभिमान.

सांगितल्या दिवशी ती आली तेव्हा एका हातात मांजर घातलेली पिशवी आणि दुसऱ्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण. द्रोणात राख होती. तिच्या चुलीतली.

तिने ती आमच्या चुलीत ओतली आणि हाताने आमच्या राखेत मिसळली, कणकेसारखी. मग मांजरीला तीनदा चुलीभोवती फिरवून तिचे चारही पाय त्या राखेत टेकवले, आणि वर लोणी चोळलं. मांजर पाय चाटत बसली. “दोनी चुलीची राख एक झाली. आता तिले दोन घरं नाई, एकच हाये. येकच सांगतो, हे राख पुरी काढू नको. रोज थोडी काढ, थोडी राहू दे. मी जाईपर्यंत.”

मी हो म्हणाले. मनात म्हणाले, काय हे अडाणीपण.

मांजर राहिली. ढोल्यावरच झोपली. पहिल्याच आठवड्यात तिने पाच उंदीर मारून माझ्या उशीवर आणून ठेवले. झालरीच्या उशीचा तेवढा उपयोग झाला. मी नाक धरून परसात सुकट उकडू लागले. दुपारी ती माझ्या पायाशी पडून असे आणि मी तिला काय काय सांगत असे. नवऱ्याला न सांगितलेलंही. तेव्हा कळलं की मला मांजर काही फक्त उंदरांसाठी नको होती.

आणि मग अक्षय तृतीया आली. सणाचं घर स्वच्छ हवं. मी पहाटे उठून भिंती झाडल्या, जमीन सारवली, आणि चूल अशी खरवडली, अशी सारवली, की तळाला राखेचा कण उरला नाही. सगळी राख घमेल्यात भरून उकिरड्यावर नेऊन टाकली. वर रांगोळीची दोन बोटं ओढली आणि कंबरेवर हात ठेवून कौतुकाने पाहत राहिले.

संध्याकाळी मांजर नव्हती.

दोन दिवस वाट पाहिली. गल्लीत ती टोपली टेकवायची तेव्हा मी दाराआड लपायची, विचारेल या भीतीने. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मी पायात चपला घातल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तलावाच्या पाळीवरून ढिवर मोहल्ल्यात, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, गेले.

ती दारात जाळं पसरून बसली होती. आत चुलीच्या कडेला मांजर. मला पाहून तिने एक कान हलवला, फाटका.

“राख काहाडली ना?” म्हातारीने विचारलं.

मी रडायला लागले. “सण होता हो. मी सगळं स्वच्छ केलं...”

तिला जे हसू फुटलं! जाळं बाजूला पडलं. “धुतलं! माही जागा धुतली, माही राख बी धुतली! कित्ती धुशीन वं पोट्टे!”

हसता हसता ती थांबली. चुलीकडे पाहू लागली. “आठ दिसानं मी जाऊन राह्यली. जायाच्या दिशी चूल मोडन. मंग राख कुठून आनू? आन् मी गेल्यावर थे इथी आली, तं इथी कोन हाये?”

मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तिला कशाची भीती होती. रिकाम्या झोपडीत, मोडक्या चुलीपाशी तिची वाट बघत बसलेली मांजर तिला रोज दिसत होती. जाळ्यातली गाठ तिला दिसत नव्हती, तरी ते दिसत होतं.

तिने पुन्हा द्रोण भरला, या वेळी शिगोशिग. घरी येऊन पुन्हा तसंच सगळं केलं. निघताना म्हणाली, “माही बी चूक हाये. रोज सकाळी माहा आवाज आयकते थे. आवाज आयकला का तिले वाटते, चला, घरी जाऊ. आता मी तुह्या गल्लीत आवाज नाई देनार.”

“मग मासोळ्या?”

“ज्याले पाह्यजे थे तलावावर येईन.”

उरलेले दिवस मी चुलीपाशी मांजरीला मांडीवर घेऊन बसत असे. एका सकाळी दाराच्या फटीतून मी म्हातारीला जाताना पाहिलं. टोपली डोक्यावर, पदराचं टोक दातात घट्ट धरलेलं, आवाज चुकून निघू नये म्हणून. आमच्या पायरीपाशी तिची मान सवयीने थोडी झुकली. गुडघा मात्र वाकला नाही. ती पुढे गेली. मांजरीने कान टवकारले, माझ्याकडे पाहिलं आणि पाय चाटू लागली.

ती कोणत्या दिवशी गेली, मला कळलं नाही. तिने कळू दिलं नाही. तलावावर गेले तेव्हा झोपडीच्या दाराला दोर बांधलेला होता.

पोळ्याच्या आसपास सतत तीन दिवस पाऊस झाला आणि मांजर पुन्हा दिसेना. मी तलावावर जाऊन आले, तिथेही नव्हती. दूध ठेवलं, सुकट उकडली, ‘मनी मनी’ करून घसा बसवला. हे नाव तिने आयुष्यात एकदाही मनावर घेतलं नव्हतं. चौथ्या सकाळी पाऊस थांबला. मी पायरीवर येऊन उभी राहिले, इकडेतिकडे पाहिलं, आणि डोळे मिटून ओरडले, “मासोळीऽऽ! जित्ती मासोळीऽऽ!”

गल्लीतली चार दारं उघडली. चार बायका तपेली घेऊन बाहेर. “आली का वं म्हातारी?” आणि मग त्यांनी मला पाहिलं. मास्तरांची बायको, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी, गल्लीत उभी राहून मासोळ्या विकते आहे.

तेवढ्यात शेजारच्या कौलांवरून एक राखाडी अंग खाली उतरलं. भिजलेलं, रोडावलेलं. माझ्याकडे आली असती तर मी तिला कुरवाळलं असतं. पण ती माझ्या पायांजवळून सरळ पुढे गेली आणि कडुनिंबाखाली, टोपली टेकायच्या जागेमागे, एक हात सोडून बसली. वळणाकडे तोंड करून. पहिली मासोळी आपली असते, हे तिला माहीत होतं.

बायका तिथेच उभ्या होत्या. तपेली हातात तशीच.

मी तिच्याजवळ, त्या जागेवर बसले. तिथे मी कितीदा पाणी ओतलं होतं, पण बसले कधीच नव्हते. बसले आणि सहज घराकडे पाहिलं. पुढचं दार उघडं होतं, मागचंही. त्यातून पुढची खोली, मग मागची, मग चूल, चुलीपलीकडे ढोला, सगळं एका ओळीत, आरपार दिसत होतं. रोज सकाळी टोपली टेकवून ती जिथे बसायची, तिथून आमच्या घरातलं काहीएक लपलेलं नव्हतं. दुपारपर्यंत न उघडणारं माझं तोंड, पाटावर उभी राहून रडलेली मी, सगळं तिला तिथून दिसलेलं असणार.

आणि तरी तिने मला म्हटलं होतं, पह्यले घर दाखव.