मिरचीवर काम करणारा मुलगा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. निवृत्त होऊन नागपूरच्या बेसा भागातल्या या घरात राहायला आलो त्याला सात वर्षं झाली, आणि अजूनही गावाहून, भिवापूरहून, फोन आला की आधी मनात येतं – कुणाला कळलं तर नाही? जरा आडवळणाने सांगेन. सरळ सांगता आलं असतं तर इतकी वर्षं गेली असती का?

मी पदार्थविज्ञानाचा माणूस. नोकरीची बहुतेक वर्षं अणुबॉम्बच्या कामात गेली. त्याची लाज वाटते का? कधी वाटते, कधी नाही. पण मला सांगायचं आहे ते हे नव्हे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. शामराव मास्तरांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं. नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म त्यांनीच आणला, भरला, आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्यासोबत उभेही राहिले. रविवारी गावच्या बुद्धविहारात वंदना तेच घेत. जीवहिंसा न करण्याचं पहिलं शील आधी ते म्हणत, मागून आम्ही सगळे.

मुंबईत नोकरी लागली तेव्हा घरी काय सांगायचं? नियम साधा होता – कामाबद्दल बोलायचं नाही. पण बाबा विचारत, शेजारी विचारत. ज्या घराने माझ्यासाठी इतकं सोसलं, त्याला ‘सांगता येत नाही’ म्हणायला जीभ रेटेना. म्हणून म्हणालो, मिरचीवर काम करतो. मिरचीवर किरण सोडून ती टिकवायची, बुरशी लागू द्यायची नाही. असं काम खरोखर होतं – दुसरीकडे, दुसरे लोक करत. मिरचीसाठीच नावाजलेल्या भिवापूरच्या माणसाला याहून मोठा अभिमान कशाचा असणार? एकदा तर मुंबईच्या दुकानातून तिखटाचं पाकीट घेतलं, लेबल काढलं, आणि आमच्या प्रयोगशाळेतलं म्हणून बाबांना दिलं. त्यांनी ते फोडलं नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीजवळ ठेवलं.

मग अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. दोन आठवड्यांनी मी तिथून गावी आलो – मान रापलेली, नाकाची सालं निघालेली. प्रयोगशाळेत कुणाला असं ऊन लागतं? मास्तरांच्या ते नजरेत आलं असावं. रविवारी वंदना संपल्यावर ते म्हणाले की, पहिलं शील घेणाऱ्या आपण सगळ्यांनी या बॉम्बचं काय करायचं, यावर बोलू या. आपला एक मुलगा त्या कामात असावा असं वाटतं, त्यालाच विचारू. आवाजात राग नव्हता. काळजी होती.

बाबा ताडकन उठले. घर जवळच होतं. जाऊन पाकीट घेऊन आले आणि सगळ्यांसमोर उंच धरलं.

“माहा पोरगा मिरचीवर काम करते, मास्तर.” मग माझ्याकडे वळून, “सांग गा यायले.”

मी गप्प राहू शकत होतो. नियमाने गप्पच राहायचं होतं ना? तो नियम खोटं बोलायला कधीच सांगत नव्हता.

मी म्हणालो, “मास्तरांचा गैरसमज झाला. वय झालं आता त्यांचं.”

वय – पन्नाशी नुकती ओलांडली होती त्यांनी.

मागून कुणीतरी म्हणालं, “मास्तर, दूर सरका, पाकीट फुटन.” सगळे हसले. बाबाही.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला निघालो तर मास्तर बसस्टँडवर सायकल धरून उभे. म्हणाले, “तुले बोलता येत नसन, हे मले समजते. पण मले खोटं काहून पाडलं गा?”

बस सुटायला वेळ होता. मी आत जाऊन बसलो.

त्यानंतर ते वंदना घ्यायला उभे राहिले नाहीत. पुढे विहारात येणंही थांबलं. शाळेतली पोरं त्यांना बॉम्ब मास्तर म्हणू लागली. बाबा फोनवर हसत सांगत. मी ऐकत असे. एक पोस्टकार्ड पुरलं असतं – कामाबद्दल एक शब्दही न लिहिता, ‘मास्तरांची चूक नव्हती’, एवढंच. नाही लिहिलं. बाबा गेले, तेव्हा मास्तर अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चालत होते. तेव्हाही नाही बोललो.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. शोकसभेला मुख्य वक्ता मी – त्यांचा सर्वांत जास्त नाव काढलेला विद्यार्थी. माझ्याआधी एकाने बॉम्ब मास्तरांचा किस्सा सांगितला, अगदी प्रेमाने. सभा हसली. मीही हसलो. पहिल्या रांगेतली त्यांची मुलगी हसली नाही. माइक माझ्या हातात आला तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती. तिला माहीत होतं का? मास्तरांनी घरी सांगितलं असेल? मी दहा मिनिटं बोललो – त्यांची शिस्त, त्यांचं शिकवणं, त्यांचे उपकार. टाळ्या नसतात अशा सभेत, म्हणून लोक माना डोलावत होते.

मास्तर त्या दिवशी खरं बोलले होते, हे मी तिथेही म्हणालो नाही.