शिशाचं रीळ आणि माझी सही

सांगलीत हळदीच्या अडत दुकानांमागच्या बोळात माझं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालाचं दुकान आहे. नवीन गिऱ्हाईक आत आलं की आधी शिंकतं, मग बोलतं. रिले, कपॅसिटर, कनेक्टर, डाख द्यायची सोल्डरची तार असला माल मी विकते. डिप्लोमा झाल्यावर वडिलांच्या हाताखाली बसले ती बसलेच. वडील गेल्यावर लोकांना वाटलं, बाई दुकान विकून टाकील. मी ते विकलं नाही, वाढवलं.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक साताऱ्याचा एक कारखाना होता. तिथे यंत्रांचे कंट्रोल बोर्ड बनतात आणि परदेशी जातात. परदेशातल्या लोकांची अट अशी, की बोर्डात शिसं नको, कॅडमियम नको, पारा नको. कारखाना त्याचा दाखला माझ्याकडे मागतो, मी पुण्याच्या ठोक विक्रेत्याकडे मागते, तो माल बनवणाऱ्याकडे. प्रत्येक लॉटचा नंबर, खाली सही, शिक्का. माझ्या ओळखीचे बरेच व्यापारी हे कागद न वाचताच पुढे पाठवतात. मी वाचायचे. त्याचा मला थोडा गर्वही होता, आणि आता त्याच गर्वाचा राग येतो.

सोल्डरची तार दोन प्रकारची असते. शिशाची तार झटकन वितळते, डाख चकचकीत बसतो. बिनशिशाची हट्टी असते. तिला डाख द्यायची गन जास्त तापवावी लागते, गनची टोकं लवकर खराब होतात आणि ती महागही पडते. साताऱ्याचा कारखाना दोन्ही घ्यायचा. तिथले खरेदी अधिकारी, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "मॅडम, शिशाची रिळं फक्त जुन्या मशिनींच्या दुरुस्तीला. एक्स्पोर्टच्या लाइनवर आपण शिसं जाऊच देत नाही."

मी मान डोलावली. पहिल्या वर्षी शिशाची रिळं महिन्याला एक-दोन जायची. मग पाच. मग दहा. बिनशिशाची कमी होत गेली. ऑर्डर माझ्याच हातानं लिहिलेल्या होत्या, म्हणजे हे मला दिसत होतं. एवढ्या कुठल्या मशिनी दुरुस्त होतायत, असा प्रश्न एकदा मनात आला. मी चहा मागवला आणि तो प्रश्न सोडून दिला.

मग एका सकाळी परदेशी कंपनीच्या तपासनिसाचा मेल आला. भाषा सभ्य, दोनच ओळी. सोबतचा दाखला तुमच्या दुकानाचा आहे ना, एवढं कळवा. मी तो उघडला. माझं लेटरहेड, माझा शिक्का, माझी सही. खाली तीस रिळांचे नंबर, आणि पुढे लिहिलेलं, 'शिसेविरहित'.

ती सही माझीच होती, पण मी केलेली नव्हती. तीन वर्षांपूर्वी शाई ओली असताना बोट लागून सहीचं शेपूट पुसट झालं होतं, तसंच्या तसं पुसट शेपूट या नव्या कागदावर होतं. जुना दाखला स्कॅन करून मजकूर बदलला होता. विक्रीच्या वहीशी नंबर ताडून पाहिले. तीसही रिळं मीच विकलेली. तीसही शिशाची.

मला भीती वाटली नाही. कुणीतरी आपल्या घरात शिरून आपली साडी नेसून गावभर फिरावं, तसं झालं.

मेलचं उत्तर देण्याआधी डोळ्यांनी बघायचं ठरवलं आणि गाडी काढून साताऱ्याला निघाले. कारखान्याच्या दारात नाव सांगितल्यावर साहेब स्वतः बाहेर आले. त्यांना वाटलं, बाई समजुतीनं घ्यायला आलीय. मी म्हटलं, "आधी लाइन दाखवा." ते कचरले, पण त्यांचा फोन वाजला आणि मी आत शिरले.

लांबलचक टेबलाला वीसेक बायका बसल्या होत्या. भिंतीवर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'शिसेमुक्त विभाग'. टेबलावरच्या रिळांना बिनशिशाची लेबलं होती, पण बोर्डावरचे डाख आरशासारखे चमकत होते. धूर सरळ बायकांच्या नाकात जात होता. वर एक पंखा, तोही बंद. मी कडेच्या बाईपाशी वाकले. चाळिशीची असेल. उंब्रजहून रोज कंपनीच्या बसनं येते म्हणाली.

मी विचारलं, "ताई, ही तार लवकर वितळते का?"

"व्हय की. ही चांगली हाय. ती दुसरी लय तरास देती, हात भरून येत्यात."

"पण लेबल तर त्या दुसरीचं आहे."

ती हसली. माझी चेष्टा नव्हती, मला एवढंही ठाऊक नाही याची गंमत वाटली तिला. "आवं मॅडम, लेबल आमीच बदलतो की. जेवणाच्या सुट्टीआधी. जुनं सोलायचं, नवं डकवायचं."

"यात शिसं असतं, माहीत आहे?"

"शिसं म्हंजी पेन्शिलीतलं?"

मी मान वर केली. शेजारच्या कोनाड्यात बायकांचे जेवणाचे वीसही डबे मांडून ठेवले होते. त्याच हवेत.

साहेब धावत आले आणि मला केबिनमध्ये घेऊन गेले. चहा आला. मी कपाला हात लावला नाही.

"मॅडम, एवढं मनावर घेऊ नका. कागद पूर्ण आहे, तपासनीस कागदच बघतो. तुम्ही फक्त 'हो' लिहा."

"माझी सही तुम्ही चोरलीत."

"चोरली काय? तुमचा दाखला, तुमचाच माल. एक शब्द बदलला."

"त्या बायकांना सांगितलंत, त्या काय हाताळतायत ते?"

"सांगून काय करू? घाबरतील. काम सोडतील. मग त्यांच्या घरचं कोण बघणार, तुम्ही?"

असा माणूस आपल्या पापावर दुसऱ्याच्या गरजेचं पांघरूण घालतो तेव्हा माझं डोकं फिरतं. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेरची टाइप करणारी मुलगी थांबली. काय बोलले ते सगळं आठवत नाही. "तुमची बायको बसवा त्या टेबलावर" असं म्हणाले, हे आठवतं. त्यांच्या बायकोचा काय दोष होता? पण म्हणाले.

तिथेच पार्किंगमध्ये, गाडीत बसून मोबाइलवर उत्तर लिहिलं. हा दाखला माझा नाही. ही रिळं शिशाची आहेत. ती मीच विकली आहेत. शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आठवड्याभरात लाइन बंद पडली. मला वाटलं, जिंकले. लाइन बंद झाल्यावर चौथ्या दिवशी उंब्रजच्या त्या बाईचा फोन आला. नंबर तिनं माझ्या दुकानाच्या खोक्यावरून घेतला होता.

"मॅडम, तुमी खरं बोललासा. चांगलं झालं. पण आमास्नी घरी बसवलंय, बिनपगारी."

मग म्हणाली,

"आदी आमाला इचारायचं हुतं. आमी तिथं बसतो न्हवं."

तिचं खरं होतं. मी परदेशातल्या माणसाला कळवलं, साहेबाला शिव्या घातल्या, आणि ज्यांच्या नाकात धूर जात होता त्यांना तो धूर काय करतो हे न सांगता निघून आले होते. मला साहेबाचा जेवढा राग आला होता तेवढाच स्वतःचा आला.

मी उंब्रजला गेले. एका घरात आठ जणी जमल्या होत्या. शिसं म्हणजे काय, ते अंगात कसं जातं, रक्त तपासून कसं कळतं, हे जमेल तसं सांगितलं. एकीनं विचारलं, "अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतं का?" नाही, असं सांगताना मला तिच्याकडे बघवेना.

लाइन पुन्हा सुरू झाली. धूर ओढणारी यंत्रं बसली, बिनशिशाची तार आली, दुसऱ्या दुकानाची. माझं खातं बंद झालं. परदेशी कंपनीनं सांगितलं म्हणून बायकांचं रक्तही तपासलं. पण अहवाल बायकांना दिलेच नाहीत. ते फाइलला लावले. तपासनिसाला मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, की वैयक्तिक अहवालांचा विषय आमच्या तपासणीत येत नाही. म्हणजे बोर्डात शिसं किती हे साता समुद्रापलीकडे कळायला हवं, आणि बाईच्या रक्तात किती हे तिलाच कळायला नको!

शेवटी त्या आठ जणी मिळून ऑफिसात गेल्या आणि अहवाल हातात पडेपर्यंत खाली फरशीवर बसून राहिल्या. मी बरोबर येते म्हटलं होतं. "नगं," उंब्रजची म्हणाली, "आमचं आमी बगतो." दुपारपर्यंत कागद मिळाले. तिच्या रक्तात शिसं असायला नको तेवढं निघालं. डॉक्टरांनी ते टेबल सोडायला सांगितलं. ती आता पॅकिंगला आहे. पुढच्या तपासणीत प्रमाण उतरलं होतं, हे तिनं स्वतः फोन करून कळवलं.

साहेबांची बदली झाली, तेवढंच. परवा सांगलीत एका लग्नात ते समोर आले. हसून म्हणाले, "काय मॅडम, अजून राग आहे?"

"आहे," मी म्हटलं, आणि ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले.